वीस वेळा शून्य

त्या उन्हाळ्यात आम्ही शून्य मोजत होतो.
बाहेर सत्तेचाळीस,
आत धंतोलीतला तळमजला, कूलरच्या वाळ्याचा वास,
आणि काचनळ्यांच्या रांगा.
मी टेक्निशियन. पगार बेताचा, हात स्थिर.

वऱ्हाडपांडे बाई सांगायच्या,
"गजबे, मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे.
ती गळ्यातल्या थायरॉइडला हाक मारते.
थायरॉइड आळसावली की हाक चढते,
तेवढी आपल्याला ऐकू येते.
पण थायरॉइड बेफाम सुटली
की वरची गप्प होते.
आणि आपली चाचणी ठार बहिरी.
हळू बोलणारा आणि मुका,
तिला दोघे सारखेच."

म्हणून रिपोर्टवर मी लिहीत असे : दोनपेक्षा कमी.
धडधाकट माणसाला तेच,
थरथरत्या हातांच्या सुगंधा हेडाऊलाही तेच.

ती गोळीबार चौकातून यायची, पायी.
बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या,
डोळे जणू कुणी मागून हाक मारल्यासारखे.
एका डॉक्टरनं मनाचं आहे म्हटलं,
सासूनं बाहेरचं आहे म्हटलं.
ती एवढंच म्हणायची,
"मागावर धागा तुटते, भाऊ.
वीस वर्सांत नाही तुटला
तेवढा या चार मयन्यांत तुटला."

मुंबईहून येणारं किट स्टेशनवर उतरेस्तोवर
बर्फाचं पाणी झालेलं असायचं.
बाई म्हणाल्या, आपणच करू.
सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजातली एक शेळी,
तिच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं :
काही मण्याला चिकटवलेली,
काहींच्या पाठीवर खुणेचं आयोडीन,
साठ दिवसांत निम्मं होणारं.
हार्मोन सापडलं तर दोघांच्या चिमटीत.
नाही सापडलं तर?

तर आधी ठरवायला हवं, 'नाही' म्हणजे किती.
एक नळी, जिच्यात काहीच नाही,
ती वीस वेळा मोजायची.
एकशे बारा. एकशे एकतीस. अठ्ठ्याण्णव.
एकशे चाळीस, तेव्हा दुपारी दोनला लाइट गेली होती.
शून्यसुद्धा थरथरत होतं.
माझं पिपेट, टाकीचं कोमट पाणी,
धुण्यातली घाई,
सगळं त्या शून्यात शिरत होतं.
मी एकदा धुवायचो ते तीनदा धुऊ लागलो.
मग पाचदा.
घरी बायको म्हणाली, ताट इतकं का घासता?

सुगंधा विचारायला आली, "नाही समजलं का अजून?"
म्हटलं, फार बारीक आवाज आहे, ऐकतोय.
ती बाकावर बसली.
"आमच्या घरी माग चालू असला का पोरं झोपतात.
थांबला का जागी होतात.
थांबल्याचं बी ऐकू येते, भाऊ."

हे मी बाईंना सांगितलं नाही.
त्यांच्या प्रबंधात अशा वाक्याला जागा नव्हती.

पोळ्याच्या आदल्या रात्री काउंटर टिकटिकत बसला.
शून्य आता एका जागी उभं होतं.
निरोगी म्हणून माझंच रक्त घातलेलं :
शून्यापासून चांगलं लांब, एक पूर्णांक चार.
आणि तिची नळी
शून्याच्या अंगाला अंग लावून.
रिपोर्टवर पुन्हा 'पेक्षा कमी'च लिहिलं मी,
पण अलीकडचा आकडा होता शून्य पूर्णांक शून्य पाच.
बाईंनी तो कागद दोनदा वाचला,
चष्मा काढला, पुसला,
"गजबे, चहा सांगा," म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीपर्यंत बांगड्या मनगटावर आल्या.
"रगतात काईच नव्हतं म्हन्ता,
मंग येवढा तरास कायचा होता?"
मला नीट सांगता आलं नाही.

आता रामदासपेठेत मशीन आहे.
प्रकाशाचे ठिपके मोजतं,
दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत, अर्ध्या तासाच्या आत.
परवा माझ्याच रक्ताला गेलो होतो.
मुलीला विचारलं, शून्य किती वेळा मोजता?
ती हसली, "काका, ते मशीन बघते.
मूठ आवळा."
मी मूठ आवळली.